वेगासच्या स्ट्रिप क्लबमध्ये पहिल्यांदा जाताय? हे वाचून जा

दर जानेवारीत सीईएस या टेक प्रदर्शनाच्या निमित्ताने, नाहीतर कोणाच्यातरी लग्नाआधीच्या बॅचलर ट्रिपला आपली पोरं वेगासला निघतात आणि आदल्या रात्री ग्रुपवर तोच प्रश्न येतो, अरे ते स्ट्रिप क्लबचं काय, किती लागतात, काही झोल तर नाही ना. विचारणारा लाजत विचारतो, सांगणारा फुशारक्या मारतो, खरी माहिती कोणालाच मिळत नाही. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, घरी सांगायचं की नाही तेही (माझं मत विचाराल तर सांगून जा, क्रेडिट कार्ड जॉइंट असेल तर नंतर सांगावंच लागणारे).

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आत तुमच्याशी गोड बोलणारा प्रत्येक जण, म्हणजे दारावरचा, वेटर, व्हीआयपी होस्ट, बाथरूममध्ये हातावर साबण टाकून टॉवेल देणारा, आणि हो, तुमच्या शेजारी येऊन बसलेली डान्सरसुद्धा, कामावर आहे. हे वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, उलट हे कळलं की अर्धं टेन्शन जातं, कारण मग तुम्हाला इम्प्रेस कोणालाच करायचं नसतं, फक्त किती खर्च करायचा तेवढं ठरवायचं असतं. ज्यांना हे कळत नाही त्यांचेच किस्से नंतर फिरतात, "यार ती खरंच मला लाइक करत होती" वगैरे.

कुठला क्लब, कसला क्लब

वेगासमध्ये ढोबळमानाने दोन प्रकार. एक टॉपलेस, तिथे दारू मिळते आणि एंट्री २१ च्या पुढे. दुसरा पूर्ण न्यूड, तिथे दारू मिळत नाही, सोडा-ज्यूस-पाणी, तेही महाग, आणि अशा ठिकाणी १८ पासून एंट्री देतात. दारू आणि पूर्ण न्यूड दोन्ही एकत्र असलेलं एकच जुनं ठिकाण, नॉर्थ लास वेगासमधलं पॅलोमिनो, १९६९ पासूनचं, त्याला जुन्या लायसन्समुळे सूट आहे. बाकी मोठी नावं म्हणजे सफायर, स्पेअरमिंट ऱ्हायनो, क्रेझी हॉर्स थ्री, ट्रेझर्स. सफायर तर स्वतःची जाहिरातच जगातला सगळ्यात मोठा क्लब म्हणून करतो, ७० हजार स्क्वेअर फूट, आत गेल्यावर एखाद्या मॉलच्या मजल्यावर आल्यासारखं होतं.

यातले बहुतेक क्लब मोठमोठ्या कॅसिनोंच्या रांगेत नाहीत. ते मागच्या बाजूला, रेल्वेलाइन आणि आय-१५ हायवेच्या आसपास, सॅमी डेव्हिस ज्युनियर ड्राइव्ह, हायलँड ड्राइव्ह असल्या गोदामं-गॅरेजच्या रस्त्यांवर आहेत. मॅपवर हॉटेलपासून जवळ दिसतात म्हणून चालत जायच्या भानगडीत पडू नका, फुटपाथचा पत्ता नसतो आणि रात्री तो भाग काही फिरायचा नाही.

जायचं कसं, इथेच पहिली कात्री लागते

हे नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच कापले जातात आणि त्यांना कळतही नाही. वेगासमध्ये क्लबवाले गिऱ्हाईक आणून सोडणाऱ्या ड्रायव्हरला डोक्यामागे कमिशन देतात. थोडंथोडकं नाही, कधीकधी एका माणसामागे पन्नास डॉलर, त्याहून जास्तसुद्धा. आता हे पैसे क्लब स्वतःच्या खिशातून थोडीच देणार, ते तुमच्या कव्हर चार्जमधून, म्हणजे एंट्री फीमधून निघतात. म्हणून टॅक्सीने किंवा उबरने दारात उतरलात की कव्हर जास्त, आणि क्लबच्या स्वतःच्या गाडीने आलात की कमी. ड्रायव्हर म्हणणार "तो क्लब आज बंद आहे, तिथे गर्दी आहे, मी तुम्हाला याहून भारी ठिकाणी नेतो". जिथे कमिशन जास्त तिथे तो नेणार, साधा हिशोब. टॅक्सीवाल्याने असं प्रवासी फिरवणं नेवाडात बेकायदेशीर आहे, पण म्हणून होत नाही असं नाही. ठामपणे सांगा, जिथे सांगितलंय तिथेच सोड.

सोपा मार्ग असा की दुपारीच क्लबला फोन करा आणि विचारा, आम्ही इतके जण, अमुक हॉटेलवर आहोत, पिकअप आहे का. बहुतेक मोठे क्लब लिमो किंवा व्हॅन फुकट पाठवतात, कारण त्यांचं कमिशन वाचतं. फोनवरच तीन गोष्टी विचारून घ्या: कव्हर किती, त्यात ड्रिंक किती, आणि आत कमीत कमी काही घ्यायची सक्ती आहे का. बोललेल्या माणसाचं नाव विचारून ठेवा आणि दारात काउंटरवर वेगळा आकडा ऐकू आला तर ते नाव घ्या, आकडा लगेच जाग्यावर येतो. लिमोवाल्याला पाच-दहा डॉलर टिप द्यायची, राइड फुकट असली तरी. परतीची गाडी मात्र फुकट असेलच असं नाही, तेव्हा उबर बिनधास्त करा, परत जाताना कमिशनचा प्रश्नच नाही.

कव्हर साधारण तीस ते पन्नास डॉलर धरून चाला, वीकेंडला, मोठ्या फाइटच्या रात्री किंवा सीईएससारखी गर्दी असताना त्याहून वर. मंगळवार-बुधवारी रात्री नऊ-दहाला गेलात तर गर्दी कमी, कव्हर कमी आणि बसायला चांगली जागा. शनिवारी रात्री दीड वाजता प्यायलेल्या घोळक्यात जाण्याला काही अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत.

पासपोर्ट, कपडे, फोन

ओळखपत्र ओरिजिनल लागतं. अमेरिकन लायसन्स असेल तर प्रश्नच मिटला, नाहीतर पासपोर्ट. आपलं इंडियन लायसन्स किंवा आधार कार्ड दाखवून उपयोग नाही, आणि पासपोर्टचा फोनमधला फोटोसुद्धा चालत नाही. पासपोर्ट बरोबर नेताय तर आतल्या खिशात ठेवा आणि तिसऱ्या ड्रिंकनंतर एकदा चाचपून बघा. हरवला तर सोमवारी कॉन्सुलेटचे खेटे आहेत, आणि वेगासला आपलं कॉन्सुलेट नाही.

कपडे साधे नीटनेटके, जीन्स आणि शर्ट, बूट. चप्पल, बनियन-टाइप टी-शर्ट, फाटक्या जीन्सवर काही ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. पातळ ट्रॅकपँट घालून जाऊ नका, बऱ्याच क्लबमध्ये चालत नाही आणि का चालत नाही हे समजायला फार डोकं लागत नाही. अंघोळ करून जा, तोंडाला वास नको, डिओ मारा पण अख्खी बाटली नको, कारण उग्र परफ्युमचा वास डान्सरच्या अंगाला लागतो आणि पुढची रात्रभर तिला तो घेऊन काम करायचं असतं. नखं कापलेली असू दे.

फोन खिशातून काढायचाच नाही. फोटो नाही, व्हिडिओ नाही, "फक्त मेसेज बघत होतो" हेसुद्धा बाउन्सरला पटत नाही कारण अंधारात फोन वर धरलेला माणूस त्याला एकच दिसतो. कोणाचा फोन आला तर बाहेर किंवा बाथरूमकडे जाऊन बोला. यावरून फोन हातातून घेऊन गॅलरी तपासलीये आणि मग सगळ्या ग्रुपला बाहेर काढलंय असं होतं.

पैसे

कॅश, कॅश आणि कॅश. हॉटेलवरून निघतानाच आकडा ठरवा आणि तेवढेच घेऊन जा, कार्ड एकच, तेही इमर्जन्सीसाठी. आतलं एटीएम दहा डॉलर किंवा त्याहून जास्त फी घेतं, बँकेची फी वेगळी, आणि इंडियन कार्ड असेल तर फॉरेक्सचा मार्कअप अजून वेगळा. कार्ड देऊन क्लबचं स्वतःचं नकली चलन घेता येतं, त्याच्या नोटा डान्सर घेतात, पण त्यावर दहा टक्के किंवा जास्त वर लावतात, आणि डान्सरला ते वटवताना पुन्हा कापून मिळतात, त्यामुळे ते तिलाही आवडत नाही. उरलेल्या त्या नोटा परत घेत नाहीत, हे लक्षात ठेवा. कंपनीचं कार्ड तर चुकूनही काढू नका, एक्स्पेन्स रिपोर्टमध्ये "क्लायंट डिनर" लिहून निभावेल या भ्रमात राहू नका.

एक-एक डॉलरच्या नोटा लागतात. काउंटरवर किंवा वेटरला वीसची नोट दिली की सुट्टे मिळतात, मागायला लाजू नका, तिथे रोज हेच चालतं. ड्रिंक पंधरा-वीस डॉलरच्या घरात, पाण्याची बाटलीसुद्धा स्वस्त नाही. वेटरला दर ड्रिंकमागे एक-दोन डॉलर द्या.

बसायचं कुठे

स्टेजला लागून खुर्च्यांची रांग असते. तिथे बसायचं म्हणजे पैसे द्यायचे, हा न बोललेला करार आहे. दर डान्सरला, दर गाण्याला निदान एक-दोन डॉलर. नोट उभी घडी घालून स्टेजच्या कडेवर ठेवायची, ती येते, हसते, दोन-चार सेकंद तुमच्याकडे बघून नाचते आणि पुढच्याकडे जाते. नोट हातात धरून हलवत तिला बोलवायचं नाही, तोंडात धरायची तर अजिबातच नाही. चुरगळून गोळा करून फेकायची नाही. फुकट बघायचं असेल तर मागच्या टेबलवर बसा, काही कोणी बोलत नाही. पण स्टेजच्या कडेला बसून हाताची घडी घालून तासभर नुसतं बघणं, ह्यासारखं लाजिरवाणं काही नाही, आणि सांगायला वाईट वाटतं पण आपल्या देसी ग्रुपांची ख्याती तिथे हीच आहे: आठ जण, दोन बिअर, एक टेबल, शून्य टिप. डान्सर मंडळी असल्या टेबलाला लांबूनच ओळखतात आणि मग तुमच्याकडे कोणी फिरकत नाही.

नोटा उधळण्यावरून एक सांगतो. आपल्याकडचे डान्सबार २००५ मध्ये बंद झाले, मग कोर्टकज्जे, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी उठवली, सरकारने पुन्हा नवे कायदे केले आणि जानेवारी २०१९ च्या निकालात कोर्ट म्हणालं टिप देता येईल पण नोटा उधळता येणार नाहीत. वेगासमध्ये उधळायला कोणाची हरकत नाही, शंभर डॉलरचे सुट्टे करून स्टेजवर पाऊस पाडणारे आहेत. पण ज्यांच्या डोक्यात डान्सबारचं गणित आहे त्यांनी ते विसरून जा, इथली सगळी कमाई स्टेजवर नाही, स्टेजनंतर आहे.

डान्स घ्यायचा कसा

स्टेजवरचं झालं की डान्सर फ्लोअरवर फिरतात. कोणीतरी शेजारी येऊन बसेल, नाव सांगेल (ते खरं नसतं, विचारायचंही नाही), कुठून आलात, पहिल्यांदा का, बॅचलर पार्टी का. दोन-चार मिनिटं गप्पा झाल्या की विचारेल डान्स हवाय का. नको असेल तर सरळ "नॉट टुनाइट, थँक यू" म्हणा. "लेटर, लेटर" म्हणत राहू नका, आपल्याला वाटतं आपण सभ्यपणे टाळतोय, तिला वाटतं हा नंतर घेणार आहे, म्हणून ती अर्ध्या तासाने परत येते आणि मग दोघांनाही अवघड. स्पष्ट नाही म्हटल्याचा कोणालाच राग येत नाही, ती उठून पुढच्या टेबलाकडे जाईल.

आणि ती उठून जाण्याची घाई का असते ते समजून घ्या. बहुतेक क्लबमध्ये डान्सरला पगार नसतो, उलट त्या रात्री काम करायला तीच क्लबला पैसे भरते, हाउस फी म्हणतात. वरून डीजेला द्यायचे, बाउन्सरला द्यायचे, मेकअप रूम सांभाळणाऱ्या बाईला द्यायचे. म्हणजे रात्रीची सुरुवातच उधारीवर, धंदा थंड असेल तर ती घरी मायनसमध्ये जाऊ शकते. २०१४ मध्ये नेवाडाच्या सुप्रीम कोर्टाने सफायरच्या केसमध्ये सांगितलं की या डान्सर क्लबच्या कर्मचारीच आहेत. लॉस एंजेलिसकडे नॉर्थ हॉलिवूडच्या स्टार गार्डन क्लबमधल्या मुलींनी तर २०२३ मध्ये रीतसर युनियन केली. हे सगळं सांगायचं कारण, तुम्ही तिला वीस मिनिटं तुमच्या प्रोजेक्टचं रडगाणं ऐकवलंत आणि शेवटी "नो थँक्स" म्हणालात, तर तिची वीस मिनिटं बुडाली. गप्पा मारायला आवडल्या पण डान्स नको, तर वीसची नोट हातात द्या आणि थँक्यू म्हणा. एकदम बरोबर पद्धत आहे ही, आणि तिच्या नजरेत लगेच वर जाता.

डान्स हवा असेल तर उठायच्या आधी एकच प्रश्न, "हाउ मच पर साँग". वर्षानुवर्षं वीस डॉलरचा भाव होता, आता बऱ्याच ठिकाणी तीस-चाळीस किंवा जास्त. भाव करू नका, इथे ते चालत नाही, परवडत नसेल तर नाही म्हणा. गाणं तीनेक मिनिटांचं, डीजे कधी त्याहून लवकर कापतो. आणि मोजा! हा सगळा खेळ गाणी मोजण्याचा आहे. गाणं संपल्यावर ती थांबतेच असं नाही, पुढचं सुरू होतं, तुम्ही काही बोलला नाहीत म्हणजे हो असं धरलं जातं आणि शेवटी "फाइव्ह साँग्ज, हनी" ऐकून डोळे पांढरे होतात. त्यामुळे आधीच सांगा, फक्त दोन गाणी, आणि दुसरं संपलं की तुम्हीच थँक्यू म्हणून पाकीट काढा.

हात कुठे ठेवायचे? खुर्चीच्या दांड्यावर, किंवा मांडीशेजारी गादीवर, तळवे खाली. बस. ती तुम्हाला हात लावू शकते, तुम्ही तिला नाही, हा बाय डिफॉल्ट नियम. एखादी स्वतः तुमचा हात धरून खांद्यावर किंवा कमरेवर ठेवते, तर तिथेच राहू दे, तो तिथून प्रवासाला निघायला नको. शंका असेल तर विचारा, विचारणाऱ्याला कोणी हसत नाही. किस करायला जाणं, कपडे ओढणं, "एकदाच" म्हणणं, यातल्या कशालाही पहिली वॉर्निंग मिळेल आणि दुसऱ्यांदा बाउन्सर, आणि तो बाउन्सर तुमच्याशी चर्चा करायला येत नाही. पैसे दिलेत ते नाचाचे, परवानगीचे नाही.

बोलण्याबद्दल. "घरी माहितीये का", "शिकली का नाहीस", "हे काम का करतेस", "महिन्याला किती सुटतात", हे आपले नेहमीचे लग्नात भेटलेल्या नातेवाइकांचे प्रश्न घरी ठेवून या. कामानंतर भेटशील का, नंबर दे, इन्स्टा दे, तेही नको. सिनेमा, कुत्री-मांजरी, वेगासमध्ये खायला कुठे जायचं, असल्या गप्पा मारा, शहरातले चांगले टॅको कुठे मिळतात हे या मुलींइतकं कोणाला माहीत नसतं.

व्हीआयपी रूमचं गणित

इथे खरे पैसे जातात, आणि दारूच्या भरात जातात. मागे पडदे किंवा दारं असलेल्या खोल्या असतात, पंधरा मिनिटं, अर्धा तास, तास असे दर, आणि आकडा शेकड्यांत, तासाला सहज चार आकडी. आपला मंगल कार्यालयवाला कसा भाडं वेगळं, लाइटबिल वेगळं, भांडी वेगळी लावतो, तसंच आहे. रूमचे एक, डान्सरचे वेगळे, बाटली घ्यायची सक्ती वेगळी, होस्टची टिप वेगळी. होस्टला आणि डान्सरला दोघांना समोरासमोर उभं करून विचारा: सगळं धरून एकूण किती, किती मिनिटं, वेळ कोण बघणार. मोघम उत्तर आलं की परत टेबलवर या.

कार्डने भरलंत तर सही घेतात, बऱ्याच ठिकाणी अंगठ्याचा ठसासुद्धा घेतात, का, तर दुसऱ्या दिवशी उतरल्यावर "मी केलंच नाही" म्हणून बँकेत तक्रार करता येऊ नये म्हणून. म्हणजे समजून घ्या की असे किती लोक असतील. पावती वाचा, टिपची रिकामी जागा रेघ मारून बंद करा, एकूण आकडा स्वतः लिहा, फोटो काढायचा तर बाहेर गेल्यावर. टॅब उघडा ठेवू नका, दर वेळी हिशोब मिटवा. ग्लास टेबलवर सोडून बाथरूमला जाऊ नका, परत आलात तर नवीन घ्या. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक टोळी पकडली गेली, गिऱ्हाइकांना गुंगीचं औषध देऊन क्लबमध्ये न्यायचे आणि त्यांची कार्डं हजारो डॉलरला घासायचे, बळी पडलेले चांगले शिकलेसवरलेले पैसेवाले लोक होते.

आणि व्हीआयपीत "तसलं" काही मिळतं हा गैरसमज काढून टाका. वेगासमध्ये सगळं लीगल असतं असं आपल्याकडे सर्रास मानतात. नेवाडात लायसन्सवाले वेश्यागृह चालतात ते फक्त सात लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या, आणि परवानगी दिलेल्या काउंट्यांमध्ये. वेगास ज्या क्लार्क काउंटीत येतं तिथे ते बेकायदेशीर आहे. क्लबमध्ये कोणाला तसलं विचारलंत तर निदान हाकलतील, आणि अंडरकव्हर पोलिसाला विचारलंत तर बेड्या. एच-१बी, बी-१, एफ-१, कुठल्याही व्हिसावर असाल तर हे हलक्यात घेऊ नका, व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये अटक झाली होती का असा थेट प्रश्न असतो, केस सुटली तरी उत्तर "हो" च. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं तर अजून वाईट, नुसत्या अटकेवरसुद्धा व्हिसा रद्द झाल्याची पत्रं येतात. भाड्याची गाडी हॉटेलवरच ठेवा.

ग्रुपने जाताना

चार-पाच जण ठीक, दहा-बारा नको. ज्याला यायचं नाही त्याला ओढून नेऊ नका, तो कोपऱ्यात मान खाली घालून बसतो आणि सगळ्यांचा मूड घालवतो. नवरदेवाला स्टेजवर चढवायची ऑफर क्लबवाले देतात, पैसे घेऊन त्याला खुर्चीत बसवतात, त्याच्याच बेल्टने फटके मारतात, सगळे हसतात. त्याला आधी विचारा. शुद्धीत राहणारा एक जण ठरवून ठेवा, त्याच्याकडे सगळ्यांचे पासपोर्ट. खर्च स्प्लिटवाइजवर टाकताना नाव काय द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी "बुफे" असं बघितलंय, चारशे डॉलरचा बुफे.

बायका जाऊ शकतात का? हो, आणि जातात, जोडपी पण बरीच दिसतात. काही क्लब पुरुष बरोबर असल्याशिवाय बायकांना घेत नाहीत, फोनवर विचारून घ्या. जोडप्याने गेलात तर डान्सर सहसा आधी बाईशी बोलते, तिला विचारूनच पुढे जाते. घरून निघण्याआधी काय चालेल काय नाही ते दोघांत बोलून घ्या, आत गेल्यावर लाउड म्युझिकमध्ये ते बोलणं होत नाही.

वेगास सोडून

राज्य बदललं की नियम बदलतात, म्हणून वेगासचा अनुभव घेऊन दुसरीकडे जाऊ नका. न्यू जर्सीत, म्हणजे एडिसन-जर्सी सिटीच्या आपल्या मंडळींसाठी, दारूचं लायसन्स असलेल्या ठिकाणी मुली बिकिनीतच असतात. टेक्सासने २००७ च्या कायद्याने असल्या क्लबवर दर गिऱ्हाइकामागे पाच डॉलर टॅक्स लावला, लोक त्याला पोल टॅक्स म्हणतात. सिएटलला २०२४ पर्यंत स्ट्रिप क्लबमध्ये दारूच मिळत नव्हती, त्या वर्षी वॉशिंग्टन राज्याने कायदा बदलला आणि त्याच कायद्यात डान्सरच्या सुरक्षेचे नियमही घातले.

आणि पोर्टलंड. हिल्सबरोला इंटेलमध्ये आपली एवढी माणसं आहेत, त्यांना हे माहीतच असेल. ओरेगॉनच्या राज्यघटनेत अभिव्यक्तीचं कलम इतकं मोकळं आहे की पूर्ण न्यूड आणि दारू दोन्ही एकत्र चालतं. क्लब छोटे, गल्लीतल्या बारसारखे, कव्हर नगण्य, गिऱ्हाइकांत बायकाही भरपूर. दारूच्या लायसन्ससाठी जेवण ठेवावंच लागतं म्हणून प्रत्येकाचं किचन असतं, अक्रोपोलिस नावाचा क्लब तर स्वस्त स्टेकसाठी प्रसिद्ध आहे. शाकाहारी मंडळींनी निराश होऊ नये, कासा डियाब्लो नावाचा व्हीगन स्ट्रिप क्लबसुद्धा तिथे आहे. पण स्टेजजवळ बसून टिप न देणाऱ्याला पोर्टलंडमध्ये वेगासपेक्षा लवकर उठवतात. मला विचाराल तर पहिल्यांदा जायला हेच शहर बरं, दडपण कमी आणि कापाकापी कमी.

गोव्यात मिळतं का?

हा प्रश्न हमखास येतो म्हणून शेवटी. भारतात असा कायदेशीर क्लब कुठेच नाही. बागा-कळंगुटच्या रस्त्यावर रात्री कोणी बाइकवर येऊन "सर, स्ट्रिप क्लब, लेडीज, एंट्री फ्री" म्हणाला तर तो तुम्हाला लुटायला नेतोय, दुसरं काही नाही. आत एक-दोन मुली येऊन बसतात, न मागितलेली ड्रिंक्स येतात, बिल हजारोंत आणि दारात चार जण उभे, वरून पोलिसांची आणि घरी कळवायची धमकी. उभ्याउभ्याच नको म्हणा आणि चालायला लागा. आत अडकलातच तर मारामारी करू नका, यूपीआयने भरलेलं दिसलं पाहिजे, कॅश देऊ नका, बाहेर पडल्या पडल्या ११२ ला फोन लावा आणि त्याच रात्री पोलिस स्टेशनला तक्रार द्या. लाजेने कोणी तक्रार करत नाही यावरच त्यांचं दुकान चालतं. बँकेलाही लगेच कळवा, सकाळची वाट बघू नका.